स्वयंपाकघराच्या दाराजवळचा कोपरा

बदनापूरच्या स्टेशनाबाहेर चहाची टपरी चालवणारा माणूस दरवर्षी दसऱ्यानंतर मला एकच प्रश्न विचारायचा. "निघाले का भाऊ समुद्रावर?" मी हो म्हणालो की तो बाकड्यावरच्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "हे लोकांचे ओटे दुरुस्त करायला कोकणात जातेत. लाकडाचे ओटे." गिऱ्हाईक माझ्या हत्यारांच्या पेटीकडं बघायचं, मग माझ्याकडं बघायचं आणि म्हणायचं, "लाकडाचा ओटा कोण करतं हो?" तेवढ्यात गाडी यायची आणि उत्तर राहून जायचं. आता गुडघे कुरकुरायला लागलेत, कोकणात जाणं कमी झालंय. तेव्हा ते राहिलेलं उत्तर आज निवांत देतो.

आमचं घराणं मेंढरांचं. जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या अंगाला आमचं मूळ गाव. वडील दसरा झाला की मेंढरं घेऊन निघायचे ते मृगाच्या तोंडावर परतायचे. मी सुतारकाम शिकलो, पुण्यात एका ठेकेदाराकडं लागलो आणि त्यानं एकदा मला समुद्राकाठच्या एका बंगल्यावर पाठवलं. तिथून पुढं माझंही वेळापत्रक वडिलांचंच झालं. ते मेंढरांमागं आणि मी फळ्यांमागं. त्यांची एक घोंगडी मी बरोबर न्यायचो. घडी करून गुडघ्याखाली घेतली की दिवसभर फळ्यांवर रांगता येतं. वडिलांनी समुद्र कधी पाह्यला नाही. मी वर्णन करून सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "एवढं पानी, आन् पिता येत न्हाई? मंग काय कामाचं?" त्यांना एकदा न्यायला पाहिजे होतं. राहिलंच ते.

तर लाकडी ओटा. मोठी माणसं त्याला डेक म्हणतात. घराच्या मागं किंवा पुढं, जमिनीपासून हात-दोन हात उंच, वर छप्पर नसलेला. खाली खांब, खांबांवर आडवे वासे, वाशांवर फळ्या. संध्याकाळी त्यावर खुर्ची टाकायची आणि समुद्राकडं बघत बसायचं, एवढंच त्याचं काम. पण त्याच्या नशिबी चार महिने पाऊस, आठ महिने ऊन आणि बारा महिने खारा वारा. साधा लोखंडी स्क्रू त्या वाऱ्यात एका पावसात गंजतो, भोवतालचं लाकूड काळं करतो आणि फळी वर उचलली जाते. मग कुणाचा तरी अंगठा ठेचतो आणि मला फोन येतो.

लोकांना वाटतं, लाकूड भिजलं की सडतं. तसं असतं तर कोकणातल्या होड्या कधीच संपल्या असत्या. भिजलेलं लाकूड सुकायला मिळालं नाही तर सडतं. म्हणून दोन फळ्यांमध्ये नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवायची, म्हणजे पाणी खाली पडतं आणि वारा वर येतो. त्या फटीत पाचोळा अडकला की काढायचा. फळीचं कापलेलं टोक सगळ्यात जास्त पाणी पितं, म्हणून टोकाला आधी तेल पाजायचं. आणि तपासणी करताना पायात काही घालायचं नाही. अनवाणी टाचेला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही. टाच पोकळ वाजली की तिथं स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबून बघायचं. चांगलं लाकूड टोकाला आत घेत नाही. सडलेलं लाकूड मुकाट्यानं घेतं.

गिऱ्हाइकांचे नमुने सांगायचे तर रात्र पुरणार नाही. अलिबागकडच्या एका साहेबांनी पावसाळ्याआधी सगळा डेक निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दोऱ्यांनी बांधून ठेवला. बाळंतिणीची काळजी घेतात तशी घेतली. दिवाळीत उघडला तर आत कुत्र्याच्या छत्र्यांचं पीक. साहेब मला म्हणाले, "या खायच्या असतात का हो?" माणूस खिलाडू होता. सगळ्या फळ्या बदलल्या आणि तेवढा वेळ तो स्वतः पाने-पकडी हातात देत बसला. उलट आमच्याच जिल्ह्यातल्या एका बियाणेवाल्या शेटनं हौसेनं शेतघरापुढं डेक करून घेतला. बांधणाऱ्यानं पावसाळ्यात फुगलेल्या फळ्या बसवल्या. मे महिन्यात त्या अशा आकसल्या की शेटचा चष्मा, किल्ल्या आणि पाहुण्यांचे चमचे सगळे फटींतून खाली. मी खाली शिरलो तेव्हा तिथं निम्मा संसार सापडला. शेट वरून विचारतात, "भाऊ, समुद्र न्हाई म्हणून रुसल्या का ह्या फळ्या?" मी म्हणालो, "शेट, त्या जालन्याचं ऊन पह्यल्यांदा बघून राह्यल्या."

पण मला ज्या डेकनं खरं छळलं आणि खरं सुख दिलं तो वसंतकाका आणि नलिनीकाकूंचा.

दोघं जालन्याचे. काकांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात झाली. निवृत्तीनंतर त्यांनी दापोलीच्या बाजूला एका लहानशा गावात घर घेतलं. एवढ्या लांब कशाला, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "जन्मभर कोरडे कालवे सांभाळले. आता जरा भरलेलं बघून राह्यलो." समुद्राकाठी जालन्याचा सुतार येतो हे कळल्यावर त्यांनी मला शोधूनच काढलं. मी आणि माझा मेहुणा ज्ञानोबा, आम्ही जोडीनं काम करतो. ज्ञानोबाचं आणि मासळीचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. काकूंनी दारातच विचारलं, "ज्वारीची भाकरी चालेल ना? पीठ मी जालन्याहून आणते." ज्ञानोबानं त्यांना वाकून नमस्कार केला. तो देवालाही एवढा वाकत नाही.

डेक घराच्या मागं, समुद्राच्या तोंडाला. स्वयंपाकघराचं दार त्यावरच उघडायचं. दाराशेजारी तुळशीची कुंडी आणि तिच्यापुढं काकूंची रांगोळी. लाकूड चांगलं सागवानी. सडला होता तो फक्त एक कोपरा, दाराजवळचा. तीन फळ्या आणि खालचा वासा बदलला, तेल पाजलं आणि विषय संपला असं समजून आम्ही आलो.

पुढच्या वर्षी काकांचा फोन. "भाऊ, कोपरा पुन्हा गेला."

मला पटेना. नियम असा, की पावसाचा मार समुद्राच्या बाजूनं येतो तर सडायला सुरुवात त्या कडेनं व्हावी. इथं समुद्राकडची कड ठणठणीत आणि घराच्या भिंतीजवळचा, पागोळ्यांच्याही आत असलेला कोपरा मात्र लोण्यासारखा मऊ. मी छपराची पन्हळ बघितली. स्वयंपाकघराचा नळ बघितला, मोरीचा पाइप बघितला. काकांना विचारलं, "इथं कुठून पाणी येतं का?" काका ठामपणे म्हणाले, "थेंब येत नाही. मी दिवसभर इथंच बसलेला असतो." काकू दारात उभ्या होत्या. त्या आत चहा टाकायला गेल्या. मी पुन्हा फळ्या बदलल्या, या वेळी दुप्पट तेल पाजलं.

तिसऱ्या वर्षी फोन आला तो मुलाचा, नितीनचा. तो पुण्यात असतो. कोपऱ्यातली फळी मोडली होती आणि काकूंचा पाय घोट्यापर्यंत आत गेला होता. हाड वाचलं, पण मुरगळा चांगलाच बसला. नितीन म्हणाला, "भाऊ, मी तुम्हाला दोष देत नाही. पण दोघं एकटे राहतात, जवळ दवाखाना नाही. माझ्याकडं नवव्या मजल्यावर खोली तयार आहे. हे घर विकायचं असं मी ठरवत आलोय. बाबा म्हणतात, भाऊ काय म्हणतो ते बघू. तुम्ही एकदा नीट बघा आणि खरं सांगा. लाकूड टिकणार नसेल तर मी एजंटला हो म्हणतो."

म्हणजे काका-काकूंचं घर माझ्या जिभेवर येऊन बसलं. असं वजन मला नको होतं. गाडीत ज्ञानोबा म्हणाला, "दाजी, आपण सुतार हाव का जज?" मी म्हणालो, "तू भाकर खायला चालला, गप बस."

एरवी आम्ही गावात खोली घेऊन राहायचो. त्या वेळी सुट्ट्यांमुळं सगळ्या खोल्या भरलेल्या. काकांनी मागच्या खोलीत आमच्या गाद्या टाकल्या. संध्याकाळी पोचलो, जेवलो, झोपलो. आणि पहाटे मला जाग आली ती पाण्याच्या आवाजानं.

खिडकीतून बघितलं. नुकतं फटफटत होतं. काकूंनी पदर खोचलेला, मुरगळलेल्या पायाच्या पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधलेली आणि हातात बादली. त्यांनी ती तुळशीपुढं फळ्यांवर अशी फेकली की पाणी दाराच्या उंबऱ्यापासून पार पसरत गेलं. मग लंगडत नळाकडं गेल्या, दुसरी बादली आणली. तीही ओतली. मग तिसरी. मग त्या ओल्या फळ्यांवर नुसत्याच उभ्या राहिल्या, पायाची बोटं पाण्यात हलवत. चेहरा असा की मला वाटलं, आपण हे बघायला नको होतं.

सडा. दारातला सडा. रांगोळी मी तीन वर्षं बघत होतो, तिला वळसा घालून चालत होतो. रांगोळीच्या खाली आधी सडा पडतो, हे माझ्यासारख्याला, रोज सकाळी बायकोनं टाकलेला सडा ओलांडून बाहेर पडणाऱ्याला, सुचलं नव्हतं. काका आठ वाजता उठायचे. तोवर वरचं पाणी वाळायचं आणि वाशांच्या खाचांत, कुंडीखाली, फळ्यांच्या टोकांत मुरलेलं दिवसभर तिथंच राहायचं. दुसऱ्या पहाटे त्यावर नवीन.

मी बाहेर आलो. काकू दचकल्या आणि बादली मागं लपवायला लागल्या. बादली काय लपते?

"पाहिलंस?" त्या म्हणाल्या.

"पाह्यलं."

"मला मागच्या वर्षीच समजलं होतं रे. तू पाणी कुठून येतं म्हणून विचारलं, तेव्हाच बराबर समजलं. पण सांगितलं असतं तर बंद करावं लागलं असतं." त्या उंबऱ्यावर बसल्या. "लग्न होऊन जालन्यात आले ना, तेव्हा सासूबाई मागं उभ्या राहून बघायच्या, सड्याला किती पाणी गेलं ते. तांब्याभर पाण्यात सगळं अंगण. बोटानं शिंपडायचं. भांडी धुतलेलं पाणी झाडाला, कपड्याचं पाणी फरशीला. सगळा जन्म तसाच काढला, त्याचं काही न्हाई. पण इथं आलो तर विहीर काठोकाठ. पहिल्या सकाळी एक बादली ओतली. मग वाटलं, अजून एक ओतून बघू. कुणी काही म्हणालं न्हाई. मला इतकं बरं वाटलं, काय सांगू तुला."

"रोज किती बादल्या काकू?"

"मोजल्या न्हाईत. मोजायच्याच नव्हत्या ना."

टँकरच्या नळीला कळशी लावण्यात माझ्या आईचं आयुष्य गेलं. मला राग यायला पाहिजे होता, तीन वर्षं डोकं खाजवलं होतं मी. पण राग काही आला नाही.

ज्ञानोबाला सांगितलं तर तो म्हणाला, "मंग सोप्पंय दाजी. काकूला सांगा, बंद करा म्हणून."

"तू सांग," मी म्हणालो.

तो काकूंकडं गेला आणि दोन भाकऱ्या खाऊन परत आला. "मला न्हाई जमलं," म्हणाला.

सबंध सकाळ मी त्या कोपऱ्यावर घोंगडी टाकून बसलो. नितीनला खरं सांगायचं तर आईवर यायचं. मग एक तर सडा बंद, नाहीतर घर बंद. आणि डेकला पाणी सोसेल असं करायचं तर सागवानाला कितीही तेल पाजा, रोजच्या बादल्यांपुढं ते हरणार. लाकूड वाचवायचं तर पाणी थांबवलं पाहिजे, एवढाच विचार मी आयुष्यभर केलेला. दुपारी अंगणात विहिरीच्या कठड्याकडं बघताना उलटा विचार सुचला. पाणी थांबत नसेल तर तिथलं लाकूडच हलवावं.

कोकणात घरं जांभ्या दगडाच्या चिऱ्यांची. जांभा पाणी पडलं की पितो आणि सोडून देतो, त्याला काही होत नाही. मी तो कोपरा दारापासून खाटेएवढा कापून टाकला. खालचे वासे मागं घेतले, त्यांच्या टोकांना तेल पाजलं. मोकळ्या जागी जमिनीपासून चिऱ्यांचा ओटा उचलला, डेकच्या उंचीला बरोबर. लाकूड आणि दगड यांच्यात बोटभर फट सोडली, म्हणजे एकाची ओल दुसऱ्याला लागणार नाही. ओट्याला उतार दिला आणि त्याच्या तोंडाशी पन्हळ काढून ती थेट नारळाच्या बुंध्याशी नेली. तुळस ओट्यावर ठेवली. पाणी वाया जाऊ द्यायला माझाही हात धजत नाही, मग निदान नारळ तरी वाढेल.

काका हे सगळं खुर्चीतून बघत होते. शेवटी म्हणाले, "लाकडी डेकला दगडी ठिगळ कशाला?" मी काकूंकडं बघितलं. काकूंनी सगळं सांगून टाकलं. काका म्हणाले, "खात्यात असताना पाण्याची गळती शोधायला मी गावोगाव हिंडलो. आणि घरातली आठ वाजेपर्यंत झोपून घालवली." आणि असे हसले की ठसका लागला.

नितीनला मी फोनवर एवढंच सांगितलं, "कारण सापडलं. दुरुस्त केलं. पुढच्या वर्षी कोपरा सडलेला निघाला तर मीच म्हणन, घर विका." तो म्हणाला, "लिहून देता?" मी म्हणालो, "लाकूडच सांगन की." त्यानं एक वर्ष द्यायचं कबूल केलं.

ते वर्ष मला लांब गेलं. बदनापुरात पाऊस झाला की मी दापोलीचा विचार करायचो. दसऱ्यानंतर गेलो तर नितीन आधीच येऊन थांबलेला. मी चपला काढल्या आणि दारापासून कडेपर्यंत टाच वाजवत गेलो. कापलेल्या टोकांवर, फटीत, वाशांत, जिथं जिथं पूर्वी मऊ लागायचं तिथं स्क्रूड्रायव्हर दाबला. कुठंच आत गेला नाही. नितीननं माझ्या हातातून तो घेतला, स्वतः दाबून बघितला. मग कोपऱ्याशेजारी उभा राहून चक्क दोन उड्या मारल्या. काकू ओरडल्या, "अरे, नुसतं दगडावर उभं राहा, लाकडाला कशाला त्रास." नितीन म्हणाला, "एजंटला नाही म्हणून सांगतो." आणि आत जेवायला गेला. त्या दिवशी भाकरीवर लोणी चौपट होतं.

दोन उन्हाळ्यांपूर्वी माझ्या मुलीचं लग्न झालं. काका-काकू बदनापूरला आले, हॉटेल नको म्हणाले, आमच्याच घरी उतरले. टँकरचा भरवसा नव्हता. माझी बायको सुमन, तिला काकूंची गोष्ट माहीत होती. तिनं पाहुणीचा मान म्हणून सड्यासाठी दोन बादल्या काठोकाठ भरून दारात ठेवल्या. काकू पहाटे उठल्या. तांब्या घेतला, बादलीत बुडवला आणि बोटांनी शिंपडत सगळं अंगण ओलं केलं, एक ढेकूळ कोरडं न ठेवता. बाकीचं पाणी दोन्ही बादल्यांतून परत पिंपात ओतलं.

"काकू, तुमच्याचसाठी भरलं होतं," सुमन म्हणाली.

"इथं हात आपोआप आखडतो गं," काकू म्हणाल्या. "लग्न उरकलं की तू ये माझ्याकडं. नुसतं येते म्हणू नको, ये."

एवढी वर्षं समुद्रावर जाऊन आलो, सुमनला एकदाही नेलं नव्हतं. कामाला जातोय, सहलीला न्हाई, असं म्हणायचो. वडिलांचं राहिलं तसं हिचंही राहील, हे काकूंच्या बोलण्यानं टोचलं. लग्नानंतर तिला घेऊनच गेलो. समुद्र बघून ती म्हणाली, "बरं हाय." तिचं कौतुक एवढंच असतं. दुसऱ्या सकाळी काकूंनी तिच्या हातात भरलेली बादली दिली आणि चिऱ्याच्या ओट्याकडं बोट दाखवलं. "ओत."

सुमननं अर्धी बादली हळूच ओतली. पाणी पन्हळीतून नारळाकडं गेलं. मग ती उरलेली अर्धी बादली हातात धरून इकडं तिकडं बघायला लागली.

"हे कुठं ठेवू?"

"कुठंच न्हाई," काकू म्हणाल्या. "सगळं ओत."

सुमननं माझ्याकडं बघितलं. मी मानेनं हो म्हणालो. तिनं बादली पालथी केली, सगळी, आणि पाणी तिच्या पायांवरून, जोडव्यांवरून वाहत गेलं. ती खाली बघत राहिली. मग पदरानं तोंड पुसलं, नळाकडं बघितलं आणि मला अगदी हळू आवाजात विचारलं, "अजून एक घेऊ का?"